प्रबंधातल्या प्रकरणाचा पेपर करून जर्नलला पाठवायचाय, फॉरमॅटिंग कुठून सुरू करू?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्रच असते पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. माझा प्रबंध साक्री तालुक्यातल्या फड पद्धतीवर आहे, म्हणजे पांझरेवरच्या जुन्या बंधाऱ्यांचं पाणी शेतकरी आपापसात कसं वाटून घेतात, पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) कोण नेमतं, त्याचा मेहनताना कसा ठरतो, भांडण झालं तर कोण मिटवतं वगैरे. त्यातल्या एका प्रकरणाचा इंग्रजीत पेपर करायचाय. प्रकरण चोवीस हजार शब्दांचं आहे. गाइड म्हणाले फॉरमॅट करून टाक आणि पाठवून दे, आता ते फॉरमॅट करणं म्हणजे नक्की काय हे परत विचारायची सोय नाही कारण सर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) गडबडीत आहेत.
प्रश्न बरेच आहेत. फॉन्ट कुठला, मार्जिन किती, छापील जर्नलसारखे दोन कॉलम आपणच करून द्यायचे का, फोटो आणि नकाशे मजकुरात टाकायचे की वेगळे, फड, पाटकरी, जागल्या असले शब्द इंग्रजीत कसे लिहायचे आणि मराठी पुस्तकांचे संदर्भ कसे द्यायचे. यूट्यूबवर जेवढे व्हिडिओ पाहिले तेवढी वेगळी उत्तरं मिळाली.

चकलीचा काटा
रुमाल टाकून ठेवतोय. बायकोचा पेपर असाच लटकलाय.

शाईचा डाग
मी पुण्यात जर्नल प्रॉडक्शनमध्ये आहे. परदेशी प्रकाशकांचं कॉपीएडिटिंग आणि टाइपसेटिंग बऱ्याच प्रमाणात चेन्नई, पुदुच्चेरी, पुणे इकडेच होतं, तर त्या बाजूने सांगते.
स्वीकारलेला पेपर आमच्याकडे आला की आमचं पहिलं काम असतं तुमचं फॉरमॅटिंग काढून टाकणं. फॉन्ट, मार्जिन, शीर्षकाचा निळा रंग, हौसेने केलेले दोन कॉलम, सगळं जातं. मजकूर एक्सएमएलमध्ये जातो, तिथे हे शीर्षक, हा परिच्छेद, हे कोष्टक, हा संदर्भ असे टॅग लागतात आणि मग त्यावर जर्नलचा साचा बसतो. त्यामुळे लोक ज्या गोष्टींवर रात्री जागवतात त्यातलं आमच्यापर्यंत काहीच टिकत नाही, आणि जे टिकतं तिकडे कोणाचं लक्ष नसतं.
टिकतं काय तर रचना. शीर्षकं वर्डच्या स्टाइल्समधून दिलेली (हेडिंग १, हेडिंग २), नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलेलं नाही. कोष्टक म्हणजे वर्डमधलं खरं कोष्टक, स्पेसबार मारून जुळवलेले रकाने नाहीत आणि एक्सेलचा स्क्रीनशॉट तर अजिबात नाही. संदर्भातला प्रत्येक तुकडा हजर, म्हणजे वर्ष, खंड, अंक, पानं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक). आणि मजकुरात दिलेला प्रत्येक संदर्भ यादीत आहे, यादीतला प्रत्येक मजकुरात आहे. लेखकाला आमच्याकडून ज्या क्वेरी जातात त्यात या न जुळणाऱ्या संदर्भांचा वाटा फार मोठा असतो. मजकुरात २०११ आणि यादीत २०१२, आता खरं काय ते आम्ही कसं ठरवणार?
आमच्याआधी तुमची फाइल वाचणारी माणसं म्हणजे संपादकीय सहायक, संपादक आणि रिव्ह्यूअर. त्यांना काय लागतं? बारा पॉइंटचा साधा फॉन्ट, डबल स्पेसिंग, पान क्रमांक आणि ओळींना सलग क्रमांक. वर्डमध्ये लेआउट, मग लाइन नंबर्स, मग कंटिन्युअस. "ओळ २१४ मध्ये म्हणता ते ओळ ३८० शी जुळत नाही" असं रिव्ह्यूअरला लिहिता आलं पाहिजे. टाइम्स न्यू रोमन असेल तर कोणी हरकत घेत नाही, विषय संपला. एक कॉलम.
आणि पांझराकाठ, जर्नल ठरवलंय का? नसेल ठरवलं तर फाइलला हातच लावू नका अजून.

पांझराकाठ
बापरे, म्हणजे मार्जिनचे व्हिडिओ फुकट गेले. जर्नल नाही ठरवलं. दोनतीन डोक्यात आहेत. आधी फॉरमॅट करून ठेवावं आणि मग जिथे बसेल तिथे पाठवावं असं चाललं होतं.

हेमाडपंती
उलटं करा. आधी जर्नल मग फाइल. प्रत्येकाची शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, सारांशाची लांबी वेगळी असते आणि ती 'लेखकांसाठी सूचना' या पानावर लिहिलेली असते, ते पान छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कोणीही ऐकत नाही.
तुमच्या विषयाला सहज सुचणारी दोन. एक म्हणजे आपलं मुंबईचं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, ईपीडब्ल्यू. १९४९ मध्ये इकॉनॉमिक वीकली म्हणून सुरू झालं आणि १९६६ पासून आत्ताच्या नावाने निघतं. तिथे स्पेशल आर्टिकलला ८,००० शब्दांची मर्यादा आहे आणि त्यात टिपा, संदर्भ, कोष्टकं सगळं धरतात. दुसरं वॉटर अल्टरनेटिव्ज, पाण्याच्या राजकारणावरचं आणि व्यवस्थापनावरचं ऑनलाइन जर्नल, २००८ पासून चालू आहे, वाचायला फुकट आणि लेखकालाही पैसे पडत नाहीत. दोन्हींचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा, फड पद्धतीसारख्या विषयावर कोण काय भाषेत बोलतंय ते बघा.
खरं काम चोवीस हजाराचे आठ हजार करणं हे आहे आणि ते कापून होत नाही. प्रबंधातलं प्रकरण परीक्षकाला दाखवायला लिहिलेलं असतं की बघा मी सगळं वाचलंय. पेपरमध्ये एकच म्हणणं असतं. तुमचं म्हणणं काय ते दोन वाक्यांत कागदावर लिहा, मग प्रकरणातलं जे जे त्याला लागतं तेवढंच नव्या कोऱ्या फाइलमध्ये आणा. साहित्याचा आढावा बारा पानांचा असेल तर दीड पानाचा होईल, होऊ द्या. जिल्ह्याचं पर्जन्यमान, लोकसंख्या, साक्षरता वगैरे जे प्रत्येक प्रबंधात असतं ते सरळ सोडा. वाचकाला फक्त एवढं कळलं पाहिजे की पाऊस कमी, नदी तापीला मिळते, बंधारे साखळीने एकापाठोपाठ आहेत आणि एका फडात, म्हणजे जमिनीच्या एका सलग तुकड्यात, एका वेळी एकच पीक घेतात. याच्यावर तुमचं म्हणणं उभं आहे ना?

पांझराकाठ
हो सर, हेच. म्हणजे पाणी कमी पडलं की कोणता फड पडीक ठेवायचा हे कसं ठरतं, त्यावरच माझं म्हणणं आहे.

हेमाडपंती
मग हे वाक्य सारांशात पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे. आणि इथे सर नको, नुसता आयडी चालेल.

बॅकस्लॅश
हे सगळं वर्डचं दुखणं आहे. लाटेक (कोड लिहून मजकूर मांडायची पद्धत) शिका, ओव्हरलीफ या वेबसाइटवर जा, जर्नलचा क्लास म्हणजे तयार साचा टाका, एका ओळीत सगळं फॉरमॅट बदलतं. एल्सेव्हियरचा क्लास घेतला तर ऑप्शनमध्ये नुसतं रिव्ह्यू लिहिलं की डबल स्पेसिंग येतं, ओळ क्रमांकांना एक वेगळं पॅकेज टाकायचं. आयट्रिपलईला त्यांचा क्लास आहे, स्प्रिंगरला त्यांचा.

शाईचा डाग
बॅकस्लॅश, गणित, भौतिकी, कॉम्प्युटर असेल तर डोळे मिटून लाटेक, शंकाच नाही. पण समाजशास्त्रातली पुष्कळ जर्नल्स वर्डचीच फाइल मागतात आणि त्यांच्या कॉपीएडिटरला ट्रॅक चेंजेसमध्ये काम करायचं असतं. प्रबंध संपत आलेल्या बाईला आत्ता लाटेक शिकवू नका.

बॅकस्लॅश
मान्य. तरी संदर्भ हाताने टाइप करू नका एवढं तरी ऐका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, वर्डला जोडता येतं, जर्नलची स्टाइल निवडली की मजकुरातले आणि यादीतले सगळे संदर्भ त्या पद्धतीत जातात. पहिल्या जर्नलने नाकारलं आणि दुसरीकडे पाठवायचं झालं तर याची खरी किंमत कळते.

शाईचा डाग
याला माझं दोन्ही हातांनी अनुमोदन. फक्त दोन गोष्टी. झोटेरो जे इंटरनेटवरून उचलतं ते तसंच्या तसं विश्वासाने घेऊ नका, कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी लेखकाचं नाव आडनावाच्या जागी जातं, एकेक नोंद उघडून बघा. आणि शेवटची फाइल पाठवताना कॉपी करून त्या कॉपीत 'अनलिंक सायटेशन्स' करा, म्हणजे झोटेरोशी जोडणारे आतले कोड जाऊन साधा मजकूर राहतो. मूळ फाइल जिवंत ठेवा, रिव्हिजनला तीच लागेल.
हल्ली काही प्रकाशक पहिल्या सबमिशनला कुठलाही फॉरमॅट चालेल असं म्हणतात, संदर्भ कसेही द्या पण सगळीकडे एकसारखे द्या, स्वीकारलं तर मग आमच्या पद्धतीत करू. सूचनांच्या पानावर असं काही आहे का ते आधी बघा, दोन आठवडे वाचतील.

गेटसमोरचा डीटीपी
माझं युनिव्हर्सिटीच्या गेटसमोर दुकान आहे, प्रबंध टाइप करणे बाइंडिंग करणे हेच काम. मॅडमना एकच सांगायचं होतं की तुमच्याकडे मुलाखतींचं वगैरे मराठी टायपिंग असेल आणि ते श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते इंग्रजी पेपरमध्ये चिकटवू नका. आपल्या कॉम्प्युटरवर मराठी दिसतं पण ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती आगगाडी दिसते चिन्हांची. युनिकोडमध्येच पाहिजे. कन्व्हर्टर मिळतात पण त्यानंतर नजर मारायलाच लागते, रफार इकडचा तिकडे जातो, 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, 'बंधाऱ्याचं' 'बंधार्याचं' होतं. मी फाइंडमध्ये र्या टाकून एकेक बघतो, कारण 'कार्यालय' 'पर्याय' मध्ये ते बरोबर असतं त्यामुळे रिप्लेस ऑल मारता येत नाही.
मराठी नियतकालिकाला पाठवायचं असेल तरी हेच लागू. त्यांच्यापैकी काही अजून पेजमेकरला बसवतात ते वेगळं, पण तुम्ही युनिकोडच द्या, त्यांचं ते बघतील.

कोरा कागद
डीटीपी भाऊ, तुमच्यासारख्यांनीच माझा प्रबंध वेळेत पोचवला होता, लाख धन्यवाद.

पांझराकाठ
मुलाखती युनिकोडमध्येच आहेत, सुटले. पण मराठी शब्दांचं काय करू? फड, पाटकरी लिहिताना अक्षरांखाली टिंबं आणि वर रेघा द्यायच्या का?

हेमाडपंती
जर्नल बघून. भाषाशास्त्र, इतिहास, धर्म वगैरे विषयांची जर्नल्स टिंबं-रेघांसकट लिप्यंतर मागतात, त्याला आयएसओ १५९१९ असं मानक आहे, त्यात ळ ला, ड ला वेगळी खूण मिळते. समाजशास्त्रात, पाणीप्रश्नात साधं रोमन चालतं. तुमच्याकडे असे आठदहाच शब्द असतील तर साधं लिहा, पहिल्यांदा आला की इटॅलिक आणि तिथेच चार शब्दांत अर्थ, पुढे नुसता शब्द. महत्त्वाचं म्हणजे एकदा ठरवलेलं स्पेलिंग पेपरभर, नकाशात, कोष्टकात, सगळीकडे तेच. पांझरा नदीचंच बघा, इंग्रजीत झेडने, जेएचने, दोन्ही प्रकारे लिहिलेली सापडते, तुम्ही एक निवडा. टिंबं देणारच असाल तर मधल्या अ चा निर्णय घ्यावा लागतो, 'पाटकरी' मध्ये ट नंतरचा अ आपण बोलत नाही पण अक्षराप्रमाणे लिहिला तर येतो. तोही सगळीकडे एकच.
मराठी पुस्तकाचा संदर्भ देताना लेखकाचं नाव रोमनमध्ये, पुस्तकाचं नाव रोमन लिप्यंतरात आणि लगेच चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, शेवटी मराठी असल्याची नोंद. नुसता इंग्रजी अनुवाद देऊ नका, तो घेऊन ग्रंथालयात शोधायला गेलेल्याला पुस्तक मिळणार नाही. गावातल्या हस्तलिखित वह्या, पंचांची रजिस्टरं यांचा संदर्भ यादीत कोंबू नका, टिपेत द्या, कोणत्या गावात, कोणाच्या ताब्यात, कुठल्या सालची.

चकलीचा काटा
एकर हेक्टरचं पण सांगा कोणीतरी, आमच्याकडे त्यावरूनच घोळ चाललाय.

शाईचा डाग
आंतरराष्ट्रीय जर्नल असेल तर हेक्टर. शेतकऱ्याने एकर-गुंठ्यात सांगितलं असेल तर मजकुरात त्याचे शब्द ठेवा आणि कंसात हेक्टर द्या, पण कोष्टकात एकच एकक. ४० गुंठे म्हणजे एकर आणि २.४७ एकर म्हणजे हेक्टर. लाख-कोटी चालतात का बघा, नाही तर मिलियन. आणि स्वल्पविराम! कोष्टकात कुठे १,००,००० आणि कुठे १००,००० असं दिसलं की रिव्ह्यूअरला वाटतं आकडे दोन ठिकाणांहून आणलेत, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. बाहेरच्या जर्नलला तीन-तीनचे गट, ईपीडब्ल्यूसारखं इथलं असेल तर त्यांचा ताजा अंक उघडून बघायचं.
तक्त्यांमध्ये उभ्या रेघा नकोत. एकक रकान्याच्या डोक्यावर, प्रत्येक आकड्यासमोर नको. रिकामा रकाना म्हणजे शून्य की माहिती नाही हे खाली लिहा.

नकाशेवाला
नकाशा हा शब्द दिसला म्हणून आलो. पांझराकाठ, नकाशा कशात केलाय?

पांझराकाठ
एका मित्राने क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) करून दिलाय. माझ्याकडे त्याचं जेपेग आहे, व्हॉट्सअॅपवर आलेलं. फोटो पण तसेच आहेत काही.

नकाशेवाला
त्याच्याकडून मूळ प्रोजेक्ट फाइल मागून घ्या, आजच. व्हॉट्सअॅप चित्र दाबून पाठवतं, त्यातून गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. मग लोक फोटोशॉपमध्ये जाऊन ७२ च्या जागी ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) टाइप करतात आणि खूश होतात, त्याने आकडा बदलतो चित्र नाही बदलत. हिशोब सोपा आहे. एका कॉलमात बसणारं चित्र साधारण ९० मिमी रुंद असतं, ३०० डीपीआयने ते १,०६३ पिक्सेल झाले. पूर्ण पानभर १९० मिमी धरलं तर २,२४४. तुमच्या चित्रात तेवढे आडवे पिक्सेल आहेत का बघा, नसतील तर मूळ आणा. फोटोला ३०० पुरतं, नुसत्या रेघांच्या आकृतीला १,००० च्या आसपास मागतात, त्यापेक्षा वेक्टरच द्या, पीडीएफ किंवा ईपीएस. फोटो फोनमध्ये मूळ असतील तर केबल लावून काढा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमध्ये पानाचा आकारच ९० किंवा १९० मिमी ठेवा आणि त्या आकारात अक्षर वाचता येतंय का बघा. ए३ वर केलेला सुंदर नकाशा जर्नलमध्ये कॉलमभर झाला की गावांची नावं मुंग्यांएवढी होतात. उत्तर दिशा, पट्टी, सूची, माहितीचा स्रोत. रंग असे घ्या की काळ्यापांढऱ्यात पण फरक कळेल, लाल-हिरवी जोडी टाळा, ती न दिसणारे वाचक असतात. सॅटेलाइट चित्र खाली वापरलं असेल तर त्याच्या मालकाचं श्रेय द्यायचं आणि परवानगीच्या अटी वाचायच्या.
आणि कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकायची सगळ्यांना हौस असते. त्याची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळली पाहिजे, इंटरनेटवरून उचललेल्या फाइल्समध्ये हमखास जुळत नाही, आणि मग इथलं जर्नल एक सांगतं, परदेशी जर्नल दुसरं. तुमच्या पेपरला भारताच्या सीमेची गरजच नाही. महाराष्ट्राची बाह्यरेषा, त्यात धुळे जिल्हा, त्यात पांझरेचं खोरं. विषय मिटला.

पांझराकाठ
मित्राला फोन केला. फाइल आहे त्याच्याकडे, पण जुन्या लॅपटॉपवर, तो चालू करून बघतो म्हणालाय. देवा.
दुसरं, फोटोत पाटकरी काका आहेत, ओळखू येतात.

हेमाडपंती
त्यांची परवानगी लेखी घ्या, मराठीत, दोन ओळी, कुठे छापणार आणि इंटरनेटवर कोणालाही दिसेल हे स्पष्ट सांगून. नाव घालायचं का तेही त्यांनाच विचारा. पाण्याच्या भांडणाच्या परिच्छेदाशेजारी त्यांचा चेहरा येणार असेल तर माझ्या मते फोटो बंधाऱ्याचाच वापरावा.

शाईचा डाग
आता ब्लाइंडिंगबद्दल, हे राहिलं तर फाइल संपादकापर्यंत पोचायच्या आधीच परत येते. डबल ब्लाइंड रिव्ह्यू, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर दोघांनाही एकमेकांची नावं कळत नाहीत असा, असेल तर मुख्य फाइलमध्ये तुमचं नाव कुठेच नको. टायटल पेज वेगळी फाइल, त्यात नाव, संस्था, ईमेल, ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक), आभार, निधी. मुख्य फाइलमध्ये "मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे" असं लिहून स्वतःचा संदर्भ देऊ नका, तृतीयपुरुषी लिहा. फाइलच्या नावात आडनाव नको. आणि वर्डच्या पोटात नाव लपलेलं असतं, फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट, तिथून काढा. ट्रॅक चेंजेस आणि गाइडच्या कॉमेंट्स राहिल्या तर त्यात त्यांचं नाव दिसतं. हे शेवटच्या क्षणी करा, कारण फाइल परत सेव्ह झाली की काही वेळा नाव परत येतं. सिस्टिमने तयार केलेली पीडीएफ सबमिट दाबण्याआधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उघडून बघा, देवनागरी मजकूर असेल तर तिथे चौकोन पडलेत का तेही कळतं.

कोरा कागद
नावावरून आठवलं. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. तोच क्रम बघून लोक ऑनलाइन फॉर्म भरतात आणि फर्स्ट नेममध्ये आडनाव जातं. मग स्कोपसमध्ये (संशोधन लेखांची मोठी सूची) वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं आणि एकाच माणसाच्या दोन प्रोफाइल तयार होतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणीचे तर तीन झालेत.

शाईचा डाग
म्हणून ऑर्किड काढायचा, सोळा आकडी क्रमांक, फुकट, पाच मिनिटांचं काम, नाव बदललं तरी क्रमांक तोच. आणि छापील नाव पहिल्या पेपरलाच ठरवायचं, वडिलांचं आद्याक्षर ठेवणार की नाही, आडनावाचं स्पेलिंग कुठलं. पासपोर्टशी जुळावं असा काही नियम नाही.

चकलीचा काटा
अवांतर: बायकोला रोज मेसेज येतात, तीन दिवसांत छापून देतो, सर्टिफिकेटसकट, यूजीसी अप्रूव्ह्ड. हे काय प्रकरण आहे?

हेमाडपंती
तीन दिवसांत रिव्ह्यू होत नसतो, एवढं पुरे आहे. यूजीसी-केअर ही मान्य जर्नल्सची यादी होती ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे अजूनही "केअर लिस्टेड" म्हणून जाहिरात करणाऱ्यांकडे तर बघायलाही नको. आणि पीएचडीला पेपर सक्तीचा ही अट यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती वेगळी, विभागात विचारा. भीतीपोटी लोक पैसे भरतात. संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघा, ओपन अॅक्सेस (वाचायला फुकट) असेल तर डीओएजेमध्ये, म्हणजे अशा जर्नल्सच्या सूचीत, शोधा.

पांझराकाठ
प्लेजरिझमचं विचारायचं होतं. प्रबंध शोधगंगावर (प्रबंधांचा ऑनलाइन साठा) जाणार आणि पेपर त्यातलाच, मग सॉफ्टवेअर माझ्याच नावाने बोंब मारेल ना?

हेमाडपंती
मारेल. जर्नल्स बहुतेक आयथेंटिकेट हे सॉफ्टवेअर वापरतात, ते जुळणी दाखवतं, चोरी झाली की नाही ते माणूस बघतो. कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा की हा लेख माझ्या अमुक विद्यापीठातल्या प्रबंधावर आधारित आहे. बऱ्याच जर्नल्सना प्रबंध हे आधीचं प्रकाशन वाटत नाही, पण सूचनांमध्ये त्यावर ओळ असते ती वाचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमातले १० टक्के, ४० टक्के वगैरे टप्पे हे विद्यापीठाने कारवाई करायचे आहेत, जर्नलने स्वीकारायचे नाहीत. आठ टक्के आले म्हणून पेपर शुद्ध झाला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आठ टक्क्यांत एक अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा असू शकतो. आणि आकडा खाली आणायला वाक्यं सॉफ्टवेअरमधून फिरवून घेऊ नका, त्यातून बाहेर पडणारं इंग्रजी लगेच ओळखू येतं.

बॅकस्लॅश
एआय वापरलं असेल तर?

शाईचा डाग
मोठे प्रकाशक सांगतात की कशासाठी वापरलं ते लिहा. लेखक म्हणून त्याचं नाव चालत नाही. आणि त्याने दिलेले संदर्भ एकेक उघडून बघा, अस्तित्वात नसलेले लेख यादीत सापडायला लागलेत आमच्याकडे.

पांझराकाठ
जर्नल ठरवलं. ईपीडब्ल्यू. मित्राचा लॅपटॉप चालू झाला, नकाशाची मूळ फाइल मिळाली. शब्द नऊ हजारांवर आलेत, अजून हजार जायचेत. कोष्टकं वर्डमध्ये परत केली.
शेवटचा प्रश्न आणि तो जरा नाजूक आहे. सरांचं नाव लेखक म्हणून घालायचं का? सरांनी प्रकरण लाल पेनने दोनदा तपासलं, युक्तिवादाची मांडणी बदलायला लावली ती त्यांनीच. फील्डवर किंवा लिखाणात नव्हते.

चकलीचा काटा
घाला नाहीतर व्हायव्हाला बघून घेतील :)

हेमाडपंती
यावर विभागाविभागात वेगळी रीत आहे. विज्ञानात गाइडचं नाव जातंच, बरेचदा शेवटी. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आयसीएमजेई या समितीने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात, त्या बाकीचेही वापरतात: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा गंभीर दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि पेपरची जबाबदारी घेणं. चारही पाहिजेत, नुसतं मार्गदर्शन किंवा विभागप्रमुख असणं पुरत नाही. समाजशास्त्रात प्रबंधातला पेपर एकट्याच्या नावावर जाणं पूर्ण रीतसर आहे. तुमच्या सरांनी मांडणी बदलवली, हा वाटा छोटा नाही, त्यामुळे ते दुसऱ्या नावाने आले तरी कोणी बोट ठेवणार नाही, पण मग त्यांना अंतिम मसुदा वाचून जबाबदारी घ्यावी लागेल. अंदाज बांधत बसू नका, त्यांनाच विचारा. आणि विचारताना मेल करा, तोंडी नको.

शाईचा डाग
आणि आत्ताच. स्वीकारल्यानंतर लेखकांची नावं किंवा क्रम बदलायचा म्हटलं की सगळ्या लेखकांची सह्यांची पत्रं, कारणं, संपादकाची मंजुरी, पेपर तिथेच अडकतो. संपर्काचा ईमेल पण विद्यापीठाचा देऊ नका, पीएचडी झाली की तो बंद होतो आणि प्रूफ तिकडे जातात.

पांझराकाठ
मेल केला होता, आज उत्तर आलं. सर म्हणतात लेखक तूच, माझं नाव आभारात टाक आणि आडनावाचं स्पेलिंग नीट लिही, मागच्या वेळी विभागाच्या स्मरणिकेत चुकलं होतं. नॅक उरकलं वाटतं.

गेटसमोरचा डीटीपी
स्मरणिका आमच्याकडे नव्हती झाली हां मॅडम.

शाईचा डाग
झकास. ते आभार टायटल पेजच्या फाइलमध्ये जाऊ द्या, मुख्य फाइलमध्ये नको. आणि हजार शब्द कमी करताना आधी टिपा बघा, तिथे बरेच लपलेले असतात.